फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नवीन मोबाईलच्या बातम्या येतात त्या आम्ही दुकानात आवर्जून वाचतो, कारण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तेच विचारत येतं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती, चार्जर किती वॅटचा, किंमत काय, सगळं असतं त्यात. पण त्या फोनला अपडेट कधीपर्यंत मिळणार हे बातमीत नसतं, जाहिरातीत नसतं, आणि खोक्यावर तर शोधूनही सापडत नाही. मी सेलूत मोबाईल रिपेरिंगचं दुकान चालवतो, आणि मराठवाड्यातल्या साध्या माणसाचे फोनमधे घातलेले पैसे ह्या एका न छापलेल्या तारखेपायी वाया चाललेत असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून लिहायलोय.

आमच्याकडं फोन कधी घेतात तर सोयाबीन विकलं की, दिवाळीच्या आसपास, नाहीतर फायनान्सवर हप्त्यानं. आणि घेतला की पाच-सहा वर्ष चालवायच्या हिशोबानं घेतात, आधी बाप वापरतो मग पोरगं अभ्यासाला, मग म्हातारीकडं जातो. शहरातल्यासारखं दरवर्षी फोन बदलायची ऐपतही नाही आणि हौसही नाही. आता तर फोन म्हणजे नुसतं बोलायचं साधन राहिलेलं नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली तेव्हापासून पिकाचा फोटो बांधावर उभं राहून फोनमधूनच काढावा लागतो, पीएम किसानची केवायसी चेहरा दाखवून फोनवर होते, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावर निघतो, लाडक्या बहिणींचे पैसे जमा झाल्याचा मेसेज ह्याच्यावरच येतो. म्हणजे माणसानं फोन साधा ठेवायचा म्हटलं तरी कामं त्याला ठेवू देत नाहीत.

आता नेमकं होतं काय ते सांगतो. परवा जवळच्या गावचे एक मामा आले. फोन बघितला तर एक ओरखडा नाही, कव्हर जाड, टेम्पर चांगला, फोल्डर म्हणजे डिस्प्ले ओके, बॅटरी दिवसभर टिकायली. तक्रार एवढीच की बँकेचं अ‍ॅप उघडना गेलंय, म्हणतं तुमच्या फोनचं व्हर्जन जुनं आहे. मी सेटिंगमधे जाऊन अबाउट फोन उघडलं, तिथं अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट, म्हणजे फोनच्या सुरक्षेचं अपडेट, अशी एक ओळ असते, तिच्यापुढं दोन वर्षांपूर्वीची तारीख. मग अपडेट शोधा वर बोट ठेवलं, चक्र फिरलं आणि फोननं काय सांगावं, तुमचं सॉफ्टवेअर अप टू डेट आहे. मामा म्हणाले बघा की हो, फोनच म्हणायलाय सगळं बरोबर आहे, मग अ‍ॅप काहून चालना? ह्यांना काय सांगायचं? कंपनीनं त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलंय, पण फोन तसं म्हणत नाही, तो म्हणतो जे शेवटचं होतं ते तुमच्याकडं आहे. अपडेट संपलेल्या फोनवर हिरव्या टिकमार्कसहित सगळं ठीक असल्याचं दाखवणं ही मला तरी शुद्ध फसवणूक वाटते. तिथं सरळ लिहा ना की ह्या फोनचे अपडेट अमुक तारखेला संपले, माणूस निदान सावध होईल.

आणि मामांनी फोन घेऊन काही फार वर्ष झालेली नव्हती, हप्ते फिटून थोडेच दिवस झालेले. इथंच खरी मेख आहे संपादक साहेब, आणि ती लोकांना कोणी समजावून सांगत नाही. कंपनी म्हणते ४ वर्ष अपडेट, तर ती ४ वर्ष तुम्ही दुकानातून फोन घेतला त्या दिवसापासून मोजायची नसतात, मॉडेल बाजारात पहिल्यांदा आलं तेव्हापासून मोजतात. गूगलनं आपल्या पिक्सेल ८ फोनला ७ वर्ष सांगितली तेव्हा हे स्पष्ट लिहिलं, फोन आला ऑक्टोबर २०२३ मधे, अपडेट ऑक्टोबर २०३० पर्यंत. मग हाच फोन कोणी २०२६ ला घेतला तर त्याला ७ मिळणार नाहीत हे कळतं तरी. पण आठ-दहा हजाराच्या फोनचं काय? सेलमधे जो फोन तीन हजारानं स्वस्त मिळतो तो बऱ्याचदा दीड-दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल असतं, मुळात त्याला अपडेट मिळणार दोन-तीन वर्ष, म्हणजे गिऱ्हाईक खोकं फोडतंय तोवर निम्मं आयुष्य गेलेलं. म्हणून किती वर्ष हे छापून भागायचं नाही, तारीख छापा. महिना आणि साल.

आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही बरं का. कृषी केंद्रातून बियाण्याची बॅग घेताना तो उगवणशक्ती बघतो, वैध मुदत बघतो, लॉट नंबर बघतो, आणि मुदत संपलेली बॅग दिली तर दुकानदाराला जाब विचारतो, कृषी अधिकाऱ्याकडं जातो. तीन-चार हजाराच्या बियाण्यावर जी तारीख छापावी लागते ती पंधरा हजाराच्या फोनवर नको का?

काहीजण म्हणतील अपडेट नाही मिळालं तर काय बिघडतं, फोन तर चालतोय. चालतो, मान्य. पण ऑगस्ट २०२५ मधली आपल्या शेजारच्या हिंगोलीची बातमी आठवा, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमधे अ‍ॅप बसवणारी फाईल, आली, त्यांनी ती उघडली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. मी असं म्हणत नाही की अपडेटनं ते नक्की टळलं असतं, आणि त्यांचा फोन कोणता होता हे मला कुठं माहीत, अनोळखी एपीके उघडायचीच नाही हे पहिलं. पण अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी मिळत नाही, फोन मधेच अडवतो, आणि ही परवानगी मिळाली की स्क्रीनवरचं सगळं चोराला दिसतं, तो तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतो. अँड्रॉइड ११-१२ वर अडकून पडलेल्या माणसाला हे कुंपणच नाही. म्हणजे ज्याला इंग्रजी सूचना वाचता येत नाही, ज्याच्या खात्यात पीक कर्जाचे पैसे आहेत, त्याच्याच हातात सगळ्यात उघडा फोन. (पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितकं अवघड.)

दुकानात लोक म्हणतात, भाऊ तुम्ही सॉफ्टवेअर मारून द्या नवीन. कंपनीनं त्या मॉडेलसाठी नवीन अँड्रॉइड बनवलंच नाही तर मी कुठून मारणार? बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून देणारे आहेत पण त्याला बूटलोडर, म्हणजे फोनचं कंपनीनं लावलेलं आतलं कुलूप, अनलॉक करावा लागतो, मग बँकेची आणि युपीआयची अ‍ॅप बहुतेक चालत नाहीत, म्हणजे ज्यासाठी केलं तेच बंद. मी तो धंदा करत नाही.

दुसरी बाजू पण लिहितो, कारण अपडेट आलं तरी करायला लोक भितात, आणि त्या भीतीला कारण आहे. इटलीत २०१८ साली अपडेटमुळं जुने फोन स्लो झाले म्हणून ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड झालेला आहे. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आली म्हणून तर आपल्या देशात केवढी ओरड झाली, शेवटी वनप्लसनं हिरव्या रेघेसाठी डिस्प्लेला आयुष्यभराची वॉरंटी देऊ केली. आमच्याकडं ह्यात अजून वेगळी भर आहे. रोजचं पॅक दीड जीबीचं आणि मोठं अपडेट येतं तीन-चार जीबीचं, ते एका दिवसात बसतच नाही, गावात रेंज एक काडी, दुपारी लाईट गेलेली, स्टोरेज ३२ जीबी आणि तेही देवाच्या फोटोंनी, गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी भरलेलं. अशात अर्धवट चार्जिंगवर कोणी अपडेट टाकलं आणि फोन मधेच बंद पडला की जुन्या फोनमधे तो लोगोवरच अडकतो आणि आमच्याकडं येतो. मी सगळ्यांना सांगतो, फोटो आधी दुसरीकडं काढून ठेवा, चार-पाच जीबी जागा करा, चार्जिंग निम्म्याच्या वर असू द्या, रात्री वायफाय असेल तिथं करा, आणि मोठं व्हर्जन आलं की पंधरा दिवस थांबा, पण महिन्याचं सिक्युरिटीचं अपडेट थांबवू नका. ते छोटं असतं.

कंपन्यांचं म्हणणं असतं की स्वस्त फोनला इतके दिवस अपडेट देणं परवडत नाही, चिप बनवणारी कंपनी साथ सोडते, मॉडेल ढीगभर असतात. मग मला सांगा, सॅमसंगनं २०२४ च्या ऑक्टोबरात १८,९९९ चा ए१६ आणला त्याला ६ वर्ष कसं जमलं? २०२५ च्या सुरवातीचा एफ०६ तर दहा हजाराच्या आसपासचा, त्यालाही ४ अँड्रॉइड अपडेट सांगितले. म्हणजे जमतं. मी कुठल्या कंपनीची शिफारस करायलो नाही, त्यांच्याही फोनच्या तक्रारी रोज येतात, मुद्दा एवढाच की मनात आणलं तर होतं. आणि ज्यांना दोनच वर्ष द्यायचीत त्यांनी खुशाल दोन द्यावीत, पण विकायच्या आधी सांगावं. लपवून कशाला?

बाहेर हे सुरू झालंय. ब्रिटनमधे २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत देणार ती शेवटची तारीख कंपनीला जाहीर करावीच लागते. युरोपात २० जून २०२५ पासून फोनला लेबल लागतं, त्यावर बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावर कमजोर होते, फोन दुरुस्त करणं किती सोपं हे असतं. विकणाऱ्या कंपन्या बऱ्याचशा त्याच आहेत, तिकडं जी तारीख सांगतात ती इकडं सांगायला काय अडचण आहे?

आपल्याकडंही सुरवात नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सप्टेंबर २०२४ मधे दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं ह्याचे गुण ठरवायला, समिती नेमली, तिनं मे २०२५ मधे अहवाल दिला, त्यात गुण देताना सुटे भाग, दुरुस्तीची माहिती ह्यांच्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही धरलेत. चांगलं आहे. पण नुसते पाच पैकी तीन गुण छापले तर परभणीच्या बाजारात त्याचा अर्थ कोणाला लागणार? २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी खोक्यावर एमआरपी, कंपनीचं नाव, महिना-साल छापायला लावलंच आहे, त्याच्याखाली एक ओळ वाढवा, सिक्युरिटी अपडेट अमुक महिन्यापर्यंत. मराठीत, ठळक. ऑनलाईन विकणाऱ्यांनी किमतीच्या शेजारी. आणि तारीख उलटली की फोननं स्वतः मालकाला सांगावं. आपल्या आठ जिल्ह्यांतल्या खासदारांनी संसदेत एवढा प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे, ह्यात सरकारच्या तिजोरीतून फार काही जात नाही.

तोवर वाचकांनी फोन घेताना दुकानदाराला थेट विचारावं, हे मॉडेल बाजारात कधी आलं आणि ह्याचे अपडेट कधी संपणार. त्याला सांगता येत नसेल तर कंपनीच्या वेबसाईटवर दाखव म्हणावं, आणि तिथंही नसेल तर दुसरा फोन बघावा. कबूल केलेलं अपडेट कंपनीनं दिलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, तक्रार मराठीतही करता येते, बिल तेवढं जपून ठेवा.

आणि संपादक साहेब, एक मागणं तुमच्याकडं. सरकार नियम करील तेव्हा करील, पण तुमच्या पेपरात नवीन फोनची बातमी येते तेव्हा कंपनीला विचारून किंमत आणि कॅमेऱ्याच्या जोडीला अपडेटची शेवटची तारीख छापत चला, आणि कंपनीनं सांगितली नाही तर सांगितली नाही असं छापा. तुमचं ते कात्रण मी दुकानात काउंटरवर काचेखाली लावीन.

आपला नियमित वाचक,
एक मोबाईल दुरुस्ती कारागीर
सेलू, जि. परभणी