पहिल्या बाइक ट्रिपला लडाखच कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बाइकवरून हिमालयात जाण्याबद्दल आलं होतं ते वाचलं. फोटो झकास होते, पण रात्री मुक्काम कुठे आणि किती उंचीवर करायचा हे कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते डोंगर निवडताना पहिली बघायची गोष्ट तीच आहे. म्हणून मोबाइलवरच हे पत्र टाइप करतोय. लांबलं तर कापा, पण उंचीचे आकडे तेवढे राहू द्या.

आमच्या गल्लीतली चार पोरं गणपतीनंतर लडाखला निघालीयेत, मनालीवरून. अनुभव म्हणाल तर कास, पसरणी, आंबेनळी, एकदा आंबोली, तेही भर पावसात. गाड्या चांगल्या चालवतात, त्यात वादच नाही. घाटात वळण कसं घ्यायचं, उताराला ब्रेक किती दाबायचा, शेवाळावर गाडी कशी सांभाळायची हे सह्याद्री शिकवतोच, फक्त विरळ हवा सह्याद्री शिकवू शकत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. आणि मनाली, जिथून ही पोरं सुरुवात करणार, ते गावच २०५० मीटरवर आहे. म्हणजे आपण आयुष्यात जेवढे वर गेलोय त्याच्याही वरून यांची ट्रिप सुरू होते.

मी २०१८ च्या जुलैमध्ये हेच केलं होतं. मी, मावसभाऊ आणि दोन मित्र, तीन बुलेट. प्लॅन व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलेला, त्यात पहिल्या दिवशी मनाली ते सरचू लिहिलं होतं म्हणून आम्ही तसंच केलं. तेव्हा रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा नव्हता, खिंड चढून जावं लागायचं. पहाटे निघालो, टांडीला टाक्या फुल केल्या, तिथे पाटीच होती की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, कॅन भरून बंजी दोरीने बांधले आणि अंधार पडताना सरचूच्या तंबूत पोचलो. सरचू साधारण ४२९० मीटर. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर चढून आम्ही तिथे झोपायला गेलो होतो, आणि हे चूक आहे असं चौघांतल्या एकालाही वाटलं नाही.

रात्री मावसभाऊ म्हणाला दादा डोकं फुटतंय रे. मला वाटलं हेल्मेटमुळे, दिवसभराच्या उन्हामुळे, गोळी देऊन झोपवला. दोनदा उलटी झाली तेव्हाही थंडीमुळे असेल म्हणालो. पहाटे पाचच्या सुमाराला जाग आली तर हा बूट घालून बसलेला, नाडीची दोन टोकं दोन हातात, आणि नुसता त्यांच्याकडे बघतोय. बांध की म्हटलं तर म्हणाला बांधतोय. पण हात हलत नव्हते. उभा केला तर सरळ चालता येईना, ओठ जांभळट पडलेले. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, त्याला नाडीची गाठ मारता येत नव्हती. ते चित्र आजही डोळ्यासमोरून जात नाही. इतक्या उंचीवर चालताना तोल जायला लागला की मेंदूवर सूज यायला लागलेली असू शकते आणि मग एक मिनिटही न थांबता खाली उतरायचं असतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आता खरी अडचण ऐका. खाली उतरायचं तर सरचूहून खाली जाणारा जवळचा रस्ताच नाही! मागे फिरायचं तर पुन्हा बारालाचा खिंड चढायची, ती ४८९० मीटर, पुढे लेहकडे जायचं तर नकी ला, लाचुंग ला आणि त्यानंतर टांगलांग ला (तिकडे खिंडीला ‘ला’ म्हणतात), ती तर ५३२८ मीटर. दोन्हीकडे आधी अजून वर जायचं आणि मगच उतरायचं. एका टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याच्या हातापाया पडलो, त्याने मावसभावाला मागच्या सीटवर आडवा घेतला, मी शेजारी बसलो, बारालाचा ओलांडेपर्यंत त्याचं नाव घेऊन त्याला बोलतं ठेवत होतो. जिस्पा आलं तसा पाणी मागायला लागला, केलाँगच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि संध्याकाळी ‘माझ्या आईला माझ्या अॅक्सिडेंटचं सांगू नको’ म्हणाला. अॅक्सिडेंट झालाच नव्हता. पण बोलला यातच मला सगळं मिळालं, मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो. लेह त्या वर्षी बघितलंच नाही.

आता बोगदा झालाय, ऑक्टोबर २०२० पासून, नऊ किलोमीटरचा, ४६ किलोमीटर वाचतात आणि रोहतांगचा ट्रॅफिकही. चांगलंच आहे, पण त्यामुळे एका दिवसात सरचू गाठणं आणखी सोपं झालंय आणि मला त्याचीच भीती वाटते.

डॉक्टर लोक सांगतात तो नियम साधा आहे, ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा दर दिवशी ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवायचा. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलात तर चालतं, झोपता कुठे त्याला महत्त्व. हा नियम हातात घेऊन नकाशा बघितला की कुठला डोंगर निवडायचा ते बरंचसं आपोआप ठरतं.

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याने हिमाचलमधलं स्पितीचं खोरं निवडावं, तेही शिमल्याकडून. त्या ट्रिपच्या पुढच्या वर्षी आम्ही चौघं तसेच गेलो, मावसभाऊसुद्धा, त्याच्या बायकोला मी स्वतः नकाशा दाखवून समजावलं होतं. पहिला मुक्काम नारकंडा २७०० मीटर, दुसरा कल्पा २९६० च्या आसपास, तिथे दोन रात्री काढल्या, सकाळी चहाचा ग्लास घेऊन बाहेर आलो तर समोर किन्नर कैलासवर ऊन पडत होतं आणि खाली सफरचंदाच्या बागा अजून सावलीत. तिथून सतलजच्या कडेने पुढे, खाबला स्पिती नदी येऊन मिळते, मग नाको. नाको ३६६० मीटर, तिथे फक्त जेवायला थांबायचं आणि झोपायला ताबोला उतरायचं, ३२८० मीटर. ताबोचा मठ मातीचा आहे, इ.स. ९९६ चा, बाहेरून आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरासारखा दिसतो आणि आत भिंतीभर चित्रं. मग काझा, साडेतीन हजारांच्या थोडं वर, तिथून दिवसा ‘की’ मठ, लांगझा, हिक्किम फिरून रात्री परत काझाला. कुणाचंही डोकं दुखलं नाही. शिवाय हा रस्ता असा आहे की काही झालंच तर मागे वळून नदीच्या कडेने उतरता येतं, सरचूसारखं अडकायला होत नाही.

स्पितीत धोका नाही असं मी म्हणत नाही. वाटेतल्या किन्नौरमध्ये जुलै-ऑगस्टला दरडी कोसळतात, २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला तर सरकारी बसच दरडीखाली गेली होती, आपल्या एसटीसारखी, त्यात किती माणसं गेली. त्यामुळे पावसात तिकडे नको, मे-जून किंवा सप्टेंबरचा शेवट. मे महिन्यात पोरांना सुट्ट्या असतात आणि शिमल्याकडून काझापर्यंतचा रस्ता तेव्हा चालू असतो, पलीकडची, मनालीच्या बाजूची कुंझुम खिंड मात्र बहुतेक जून उजाडेपर्यंत बंदच, म्हणजे आल्या वाटेने परत यायचं. वाईट काही नाही त्यात.

आणि लडाखचाच हट्ट असेल तर श्रीनगरवरून जा. श्रीनगर १५८५ मीटर, म्हणजे जवळपास कळसूबाईएवढंच, मग सोनमर्ग, झोजिला खिंड ३५२८ ची पण ती दुपारी ओलांडून रात्री कारगिलला, २६७६, दुसऱ्या दिवशी फोटू ला ४१०८ करून लेह ३५००. कारगिल ते लेह उडी मोठीच आहे, म्हणून लेहला दोन रात्री नुसतं बसायचं, लेहच्या वरची खारदुंगला खिंड नाही की काही नाही. मनालीचा रस्ता परतीला ठेवा, तोवर शरीर तयार झालेलं असतं.

गाडीचं थोडक्यात. कार्ब्युरेटरची जुनी गाडी वर गेली की गुदमरते, फ्युएल इंजेक्शनवाली जास्त सांभाळून घेते पण ताकद तिचीही कमी होते, त्यामुळे दोघं आणि दोन पोती सामान लादू नका. नाले सकाळीच ओलांडा, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी गुडघ्याला येतं. लडाखात आपलं प्रीपेड सिम चालत नाही, एकाकडे तरी पोस्टपेड हवं. रेल्वेने गाडी पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते. आणि कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या कपाटात पडलाय, तो बॅगेत टाका, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

गल्लीतल्या पोरांना हे सगळं सांगितलं. दोघं स्पितीला तयार झालेत, दोघं अजून खारदुंगलाच्या पाटीपाशी फोटो पाहिजे म्हणून अडून बसलेत, त्यांना मावसभावाशी बोलायला लावलंय. आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची मीटरमध्ये छापा, एक छोटी चौकट पुरेल. आणि ती गणपतीच्या आधी छापा, कारण रेल्वेची तिकिटं त्याच्या आधीच काढली जातात आणि तिकिटं काढल्यावर रूट कुणी बदलत नाही.

आपला,
एक जुना वाचक, सातारा