मावशी, पहाटेच्या मिस्ड कॉलबद्दल

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

पत्र असं चारचौघांत लिहिल्याबद्दल बोलणी खायची तयारी ठेवूनच बसलेय. तुम्हाला एकटीला पाठवलं असतं, तर 'बरं बरं' म्हणून तुम्ही ते घडी घालून शास्त्रात, म्हणजे तुमच्या बायबलात, ठेवलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. आता तुमची लेक हे मोठ्यानं वाचून दाखवेल. मध्येच 'पुरे' म्हणू नका.

एप्रिल २०२१ मधलं नगर तुम्हालाही आठवत असेल. बेडसाठी फोन फिरवणारी माणसं, मेडिकलपुढची रांग. हे गेले तेव्हा दफनाला आम्ही चौघं होतो. पाळकांनी मास्कमधूनच प्रार्थना केली, माती दिली आणि आम्हाला घरी पाठवलं. त्यानंतर तीन आठवडे माझ्या फोनवर वचनं येत होती. सूर्योदयाचं चित्र, खाली एक ओवी. गुलाब, खाली तीच ओवी. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे आज म्हणता येतं. तेव्हा मी फोन उपडा ठेवायची. एकानं तर आमचा विश्वास कमी पडला असेल, असंही सुचवलं. त्यांना उत्तर दिलं नाही, अजूनही देणार नाही.

१० मेला तुम्ही फाटकाच्या पलीकडे आलात. हातात खिचडीचा डबा, नाकाखाली घसरलेला मास्क. सांत्वनाचं एक अक्षर नाही. "वाचतेस का?" विचारलंत. नाही म्हटलं. "बरं. मी वाचते. तू नुसता फोन कानाला लाव."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तुमचा मिस्ड कॉल. फोन मी करायचा, कारण अनलिमिटेड पॅक माझ्याकडे, असं तुमचं म्हणणं. पॅकचं कारण खरं होतं, की मला अंथरुणातून उठवायची ती युक्ती होती, हे कधी विचारलं नाही. आता विचारतेय.

स्तोत्रसंहितेपासून सुरुवात केलीत. दिवसाला एक स्तोत्र, आहे त्या क्रमानं. पुस्तक मध्येच उघडून बोट ठेवायचं नाही. "पोपट चिठ्ठी काढतो तसं शास्त्र उघडू नये," हे तुमचं वाक्य. आवडतं स्तोत्र आधी घ्यायचं नाही. वाचून झाल्यावर 'काय शिकलो' ते बोलायचं नाही. वाचलं, सलाम, फोन ठेव. पाण्याचा दिवस असला की मोटर लाव.

पहिले बारा दिवस मला एक शब्द ऐकू आला नाही. आवाज यायचा, पंख्याचा यावा तसा. तेराव्या स्तोत्राला कान जागा झाला. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर'. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. मी उठून बसले. देवाशी असं बोललेलं चालतं? लहानपणापासून चर्चच्या शब्बाथशाळेत गेलेली बाई मी, तेविसावं पाठ, एकशेएकविसावं पाठ. हे तेरावं कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. मग लक्षात येत गेलं की या दीडशेतली कितीतरी स्तोत्रं नुसती तक्रारच आहेत. कुणी हाडं दुखतात म्हणतं, कुणी रात्रभर रडून बिछाना भिजवतं. आणि त्यांना फाडून कुणी फेकलेलं नाही. पुस्तकात ठेवलंय, मंडळीत म्हणायला ठेवलंय.

पण मला सांगायचंय ते ६ ऑगस्टच्या सकाळबद्दल. त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं होतं. रात्री लाइट गेलेली, आली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. तुम्ही वाचत गेलात आणि ते स्तोत्र वर येईचना. बाकीची बहुतेक निदान शेवटाला वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे मित्र गेले, स्नेही गेले म्हणतं आणि अंधारावर थांबतं. हिब्रूत तर त्याचा शेवटचा शब्दच अंधार, हे तुम्हीच नंतर कधीतरी सांगितलंत. मला वाटलं, आता तुम्ही पुढचं, एकोणनव्वदावं, लगेच वाचाल. माझ्यासाठी तरी. तुम्ही क्षणभर थांबलात. तिकडून पावसाचा आवाज येत होता. मग म्हणालात, "आज इथंच आहे. सलाम." आणि फोन ठेवलात.

मावशी, मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडले, आणि मग चपात्या लाटल्या. तुम्ही एकोणनव्वदावं वाचलं असतं, तर ते रडणं आत तसंच राहिलं असतं, अशी माझी खात्री आहे. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मिस्ड कॉल आलाच. आशा म्हणजे मला त्या वेळी एवढंच कळत होतं, की उद्याचं स्तोत्र उद्या आहे.

एकशेएकोणिसावं १७६ ओव्यांचं. ते तुम्ही बावीस दिवस पुरवलंत, रोज आठ ओव्या, रोज एक हिब्रू अक्षर. तोवर धाकटा उठायला लागला होता. 'आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ' हे त्याला पाढ्यासारखं आवडलं. बाप गेल्यापासून पोरगं गप्प झालं होतं. ते दात घासताना 'आलेफ, बेथ' ओरडायला लागलं. दिवाळीच्या आठवडाभर आधी आपलं दीडशेवं झालं. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "उद्या नीतिसूत्रं."

वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण तो दिवस येतोच. २०२२ च्या एप्रिलात तुम्ही विलापगीताचं पुस्तक काढलंत. पाचच अध्याय. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा बावीस-बावीस ओव्यांचे, मधला सहासष्टचा. त्या मधल्याच्या पोटात ती ओवी आहे, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते ती. माझ्या फोनवर सूर्योदयाखाली आलेली हीच. "भिंतीवर लावतात ती ही ओवी," तुम्ही म्हणालात, "पण हिच्या आजूबाजूला काय पडलंय ते बघ." जळलेलं शहर, भुकेली मुलं. आणि ती ओवी झाल्यावरही रडणं थांबत नाही, आणखी दोन अध्याय चालतं. त्या दिवसापासून त्या ओवीवरचा माझा राग गेला. ती लिहिणारा माणूस आमच्यातलाच निघाला.

तुमचं पुस्तक मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते लॉकडाऊन उठल्यावर. पंडिता रमाबाईंचं भाषांतर, कडा तपकिरी, पुठ्ठ्याला कापड शिवलेलं. तुमची आजी दुष्काळातली पोर, केडगावच्या मुक्तीत, रमाबाईंच्या आश्रमात, वाढली, तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, का, तर खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र यावं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये. "लेक गेल्यावरही बाईंनी काम टाकलं नाही," एवढंच बोलून तुम्ही चहा गाळायला उठलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. बघितलं असतंत, तर मला तो उपदेश वाटला असता.

कर्ज अजून आहे. दवाखान्याचं फिटलं, सोसायटीचं चालू आहे. रात्री तीनला जाग येते ती येतेच. सगळं छान झालं, असं लिहिलं तर तुम्हीच पत्र अर्ध्यात थांबवाल.

आता तुम्ही लेकीकडे पुण्याला. काचबिंदूनं अक्षरं पुसली, आणि गेल्या वर्षापासून वाचायचं माझ्याकडे आलं. साडेपाचला मिस्ड कॉल मात्र अजून तुमचाच. तर आभार मावशी. त्या एका 'सलाम'बद्दल आणि फोन ठेवल्याबद्दल.

उद्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आहे. यरुशलेमच्या तटाचा कुठला तुकडा कुणी बांधला त्याची यादी, नावंच नावं. वेशीमागून वेस येते, मला आपली माळीवाडा वेस दिसत राहते. तकोवाच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, तेही लिहून ठेवलंय. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन भिंत बांधायला आला, तेही. नावं गाळायची नाहीत, हा तुमचा नियम माहीत आहे. काल रात्री दोनदा वाचून तयारी केली, तरी चार-पाच ठिकाणी जीभ अडखळणार. हसायचं नाही.

तुमची,
फाटकाच्या अलीकडची