कुंपणाच्या पाइपांविषयी मित्रास पत्र

खानापूर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. निपाणीच्या मळ्यातील घराभोवती कुंपण घालण्यासाठी तू खांबांना दोन इंची आणि आडव्यांना दीड इंची नवे पाइप आणलेस, शिवाय बंद पडलेल्या बोअरमधून काढलेले सव्वा इंची जुने पाइपही त्यातच लावायचा तुझा विचार आहे, हे वाचून फार आनंद झाला. मात्र वेल्डिंगचा होल्डर हातात घेण्यापूर्वी हे पत्र नीट वाच, कारण बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत फिटर म्हणून इतकी वर्षे काढूनही स्वतःच्या गोठ्यापुढचे पहिले कुंपण मी बिघडवले होते. आडवे पाइप सरळ कापून खांबांना टेकवले आणि दोन्ही अंगांना राहिलेली बोटभर फट रॉड जाळून भरून काढली. ग्राइंडर फिरवल्यावर सांधे सुरेख दिसत होते, पण दुसऱ्या पावसाळ्यात म्हैस अंग घासायला टेकली आणि तीन सांधे एकामागून एक सुटले. फुटलेल्या जागी पाहिले, तर आत काळी मळी साचलेली होती आणि दोन पाइपांचे लोखंड कुठेही एकजीव झालेले नव्हते. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, वेल्डिंगच्या आधीच पाइप पाइपाला बिनफट बसला पाहिजे.

दुकानात आपण दोन इंची म्हणतो ते नुसते नाव आहे. त्याचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी भरतो, दीड इंचीचा 48.3 आणि सव्वा इंचीचा 42.4. लाइट, मीडियम, हेवी या जाडीच्या प्रतींपैकी कोणताही घेतलास तरी बाहेरचे माप जवळपास तेच राहते आणि वाढलेली जाडी आतली पोकळी खाते. म्हणून टेपवर विसंबू नकोस, व्हर्नियर लाव.

आता आडव्याच्या टोकाचा काप. खांब गोल असल्यामुळे टोक माशाच्या तोंडासारखे कापावे लागते. दीड इंची पाइपाभोवती जाड कागद गुंडाळ. त्याचा घेर सुमारे 152 मिमी येईल. घेराचे आठ सारखे भाग, म्हणजे प्रत्येकी 19 मिमी, पाडून रेषा ओढ. पहिल्या आणि पाचव्या रेषेवर कागदाच्या कडेपासूनची खोली शून्य धर, तिसऱ्या आणि सातव्या रेषेवर 12 मिमी, आणि मधल्या चारही रेषांवर साधारण 7 मिमी. हे बिंदू हाताने गोलाईत जोडलेस की जी लाट तयार होते, तीच दोन इंची खांबावर बसणारी रेघ. कागद कापून पाइपावर चिकटव, खडूने रेघ उतरव, ग्राइंडरने थोडे बाहेरून काप आणि उरलेले अर्धगोल कानशीने खांबाला लावून पाहत पाहत घास. पहिल्या टोकाला अर्धा तास लागेल, दहाव्याला दहा मिनिटेही लागणार नाहीत. शून्य खोलीच्या जागा, म्हणजे पुढे आलेले दोन कान, खांबाच्या डाव्याउजव्या अंगांना यायला हवेत, आणि पाइपाच्या दोन्ही टोकांचे कान एकाच रेषेत हवेत. एक टोक जरा जरी फिरले तरी दुसरे खांबावर बसत नाही. यासाठी पाइपावर अँगलचा तुकडा पालथा ठेव आणि त्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मार.

लांबीचा हिशेबही यातच आहे. दोन खांबांमधले मोकळे अंतर मोजून त्यात प्रत्येक टोकाचे 12 याप्रमाणे 24 मिमी मिळव, कारण कान तेवढे खांबाला कवटाळतात. हे अंतर खांबांचे काँक्रीट पक्के झाल्यावर, प्रत्येक गाळ्याचे वेगळे घे. ओळंबा आणि दोरी कितीही काळजीने लावली तरी दोन गाळे सारखे येत नाहीत, आणि सगळे आडवे एका मापाने आधीच कापून ठेवण्याचा मोह मी अनेकांना महागात पडलेला पाहिला आहे.

बोअरच्या जुन्या पाइपांची टोके आधी कापून टाक, कारण आटे पाडलेला भाग पातळ असतो आणि गंजतोही तोच आधी. ते दीड इंचीच्या आत सरकवून लांबी वाढवायची म्हणतोस, तर नीट ऐक. दीड इंची लाइटची जाडी 2.9 मिमी, म्हणजे आतला व्यास 42.5 आणि तुझा पाइप 42.4. कागदावर बसतो खरा, पण पाइपाच्या आत लांबीभर शिवणीची कड असते, तिथे तो अडतो. मीडियममध्ये आतला व्यास 41.9 आहे, त्यात तो जाणारच नाही. घणाने ठोकलास तर अर्ध्यात अडकून बसेल. तेव्हा लाइटच घे, वीतभर आतपर्यंत शिवण कानशीने काढ, जुन्यावरचा गंजाचा पापुद्रा खरवड, तेवढाच वीतभर आत घाल आणि मगच बाहेरून गोल वेल्ड फिरव.

जुने पाइप जस्ताचा मुलामा दिलेले आहेत, याची मला खरी काळजी वाटते. जस्त 907 अंशांना उकळते आणि लोखंड वितळायला सुमारे 1500 अंश लागतात, म्हणून सांधा जुळण्याच्या आधीच पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे दोन बोटे जस्त ग्राइंडरने काढ, काम उघड्यावर कर आणि वारा पाठीवरून नव्हे, एका कुशीवरून येईल असा उभा राहा, नाहीतर धूर तोंडासमोरच घुटमळतो. काढलेल्या जागी नंतर जस्ताचा रंग दोनदा लाव. सांधताना आधी समोरासमोर टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मार, गुण्या लावून पाहा, मग उरलेले भर. एकाच अंगाने भरत गेलास तर आडवा त्या बाजूला ओढला जातो.

खांबांची वरची तोंडे पत्र्याच्या टोप्यांनी बंद कर आणि बुंध्याशी काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार दे. पाणी तिथे साचले की खांब जमिनीलगत कुजतो. आमच्याकडच्या पावसात तर फारच लवकर.

कागदाचा एक नमुना मी कापून या पाकिटात घातला आहे. तो दीड इंचीवर गुंडाळून दोन्ही कडा जुळतात का ते पाहा आणि पहिला आडवा खांबाला लावल्यावर फट किती राहिली ते कळव. नखाहून जास्त असेल तर वेल्ड करू नकोस, मी येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
खानापूरचा मित्र