मावशी, त्या निळ्या शाईबद्दल

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम. आईला जाऊन अजून महिना झालेला नाही. हे सगळं तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुमच्याकडे बघितलं की रडूच यायचं. म्हणून पत्र.

आईला मरणाची भीती नव्हती, धास्ती होती ती विसरण्याची. आजाराने तिचं एकेक पुसत नेलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग माझं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. जन्मभर रोज म्हटलेली! ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथवर यायची आणि अडकायची. पुढे ऋणांची, म्हणजे आपल्या पापांची, क्षमा मागायची असते एवढं तिला कळत होतं, शब्द मात्र सापडत नव्हते. ‘मागितलीच नाही तर मिळेल कशी गं?’ असं म्हणून रात्र रात्र जागायची.

तुमच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले होते. काही माणसांना दुसऱ्याच्या आत्म्याच्या तारणाची फार घाई असते. त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, ‘आज रात्री बोलावणं आलं तर तयार आहात का?’ वर प्रभूचा दहा कुमारींचा दाखला ऐकवला, दिवे घेऊन नवऱ्या मुलाची वाट बघणाऱ्या. मूर्ख पाच जणी, संपलेलं तेल, बंद झालेलं दार. त्या रात्री आईने तीनदा विचारलं, ‘दिव्यात तेल आहे ना?’ मी खोलीतला दिवा लावून दाखवला. दुसरं काय करणार? आणखी कोणी तरी म्हणालं, विश्वास कमी पडला म्हणून हे दुखणं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचं?’ विचारलं तेव्हा ‘याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही’ असं प्रभूने उत्तर दिलं, ते या मंडळींच्या शास्त्रात छापलेलं नसावं.

तुम्ही आलात आणि आधी खुर्ची ओढून बसलात. आईचं सगळं ऐकून घेतलंत. तेलाचंही. म्हणालात, ‘अहो, त्या दहाही जणी झोपल्या होत्या. शहाण्या पाचसुद्धा.’ इतकी वर्षं तो दाखला ऐकतेय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून विचारलंत, ‘पेन आहे का?’

मला वाटलं, वचन लिहून देणार. तुम्ही स्वतःच्या डाव्या तळहातावर आईचं नाव लिहिलंत, मोठ्या अक्षरांत, आणि हात तिच्यापुढे धरलात. ‘बायबलात यशया संदेष्ट्याच्या 49 व्या अध्यायात आहे, देवाने आपल्याला तळहातांवर कोरून ठेवलंय. तुम्ही विसरलात तर विसरा. त्याने विसरायचं नाही, एवढंच ठरलंय.’ प्रार्थनेचा उरलेला भाग तुम्ही म्हटलात. आई फक्त ‘आमेन’ म्हणाली, पण मोठ्याने.

त्यानंतर तुम्ही याल तेव्हा ती तुम्हाला ओळखायची नाही, पण तुमचा हात उलटा करून बघायची. ती अक्षरं तिला वाचता येत होती की नाही, मला ठाऊक नाही. बोट मात्र फिरवायची.

तेव्हापासून प्रभूशेजारी वधस्तंभावर खिळलेला तो चोर माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या गाठीला काय होतं? बाप्तिस्मा नाही, पाठांतर नाही, सुधारून दाखवायला उद्याचा दिवसही नाही. त्याने मागितलं काय, तर ‘माझी आठवण करा’. त्यावर ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे उत्तर. आणि कुमारींच्या दाखल्यातल्या त्या बंद दाराआडूनही ‘मी तुम्हांला ओळखत नाही’ असंच म्हटलंय, तुमचं तेल मोजलं असं नाही. दाखल्याच्या शेवटी ‘जागृत राहा’ ही आज्ञा आहेच, ती मी खोडत नाही; माझी स्वतःची तयारी विचाराल तर यथातथाच. पण सार्वकालिक जीवन म्हणजे तोंडी परीक्षा, ही जी धडकी लहानपणापासून होती, ती तुमच्या हाताने उतरवली.

चांगुलपणाला बहुधा खुर्ची ओढून बसायला वेळ असतो. तुम्ही ना घड्याळ पाहिलंत, ना आईकडून काही कबूल करून घेतलंत.

कबरीत माती टाकायला तुम्ही मूठ उघडलीत, तेव्हा मी शेजारीच होते. नाव होतं. शाई ताजी होती, त्याच सकाळी लिहिलेली. आता कोणाला दाखवायला, ते मी विचारलं नाही.

तुमचीच,
तिची मुलगी