व्हिसाचं काम चालूये, त्यासाठी तुमचं काही थांबवू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर धड बोलणंच झालं नाही, आवाज सारखा तुटत होता आणि मधेच आई रडायला लागली, म्हणून सगळं लिहूनच पाठवतीये. बाबा, अक्षर मोठं करून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. पोस्टातली स्कीम मोडायची नाही, आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही. का ते खाली लिहिते.

माझ्या इथल्या राहण्याच्या परमिटच्या कार्डावरची तारीख ऑक्टोबरमध्ये संपली हे खरंय. पण ती संपायच्या आधी, ऑगस्टमध्येच, मी मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन टाकला होता, आणि जर्मनीत असा कायदा आहे की मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय लागेपर्यंत जुनं परमिट चालूच धरतात. राहायचा हक्क तोच, नोकरीचा तोच, युनिव्हर्सिटीत तर काहीच फरक नाही. रेसिडन्स ॲक्टचं कलम ८१, त्यातला चौथा भाग. पुरावा म्हणून इथलं परमिटचं ऑफिस एक कागद देतं, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात, आम्ही सगळी पोरं नुसतं फिक्शन म्हणतो, फी १३ युरो. तो माझ्याकडे आलाय, एप्रिलअखेरपर्यंतचा आहे, आणि त्यावर चौथ्या भागाच्याच चौकोनात खूण आहे, ते मी पहिल्यांदा बघितलं, कारण तिसऱ्या भागाची खूण असलेला पण एक कागद असतो आणि तो घेऊन देशाबाहेर गेलं की परत येता येत नाही. बाबा, तुम्ही रेशनकार्ड बदलायला दिलं होतं तेव्हा नवीन येईपर्यंत तहसीलच्या पावतीवर काम चाललं होतं ना, तसंच हे. मी इथे बेकायदेशीर नाही, एक दिवसही नव्हते, हे शेजारच्या काकांनाही सांगा.

काका टीव्हीवर बघून जे सांगतात ना, की पोरांना परत पाठवतायत, ते अमेरिकेचं आहे. तिथे २०२५ च्या एप्रिलमध्ये बऱ्याच विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केले, मग सप्टेंबरमध्ये एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाची फी एक लाख डॉलर केली, त्या पोरांचे खरंच हाल आहेत आणि मला त्यांचं वाईट वाटतं, पण त्यातलं काहीही इथे लागू नाही. आणि जर्मनीने कायदा बदलला म्हणून जी बातमी आली ती नागरिकत्वाची, तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय होती ती ऑक्टोबरअखेर बंद झाली. मला आत्ता डिग्री पाहिजे, नागरिकत्व कुणी मागितलंय.

बाबा तुम्ही विचारलंत, दोन वर्षांचा कोर्स मग मुदतवाढ कशाला. तुम्ही आयुष्यभर शाळा चालवली, वेळेत पास होणं म्हणजे काय ते तुमच्याकडूनच शिकले, त्यामुळे तुम्हाला हे खटकणं साहजिक आहे. माझे सगळे पेपर झालेत, एकही राहिलेला नाही. राहिलाय फक्त थीसिस. विषय तुम्हाला माहितीये, सांडपाण्याच्या गाळातून फॉस्फरस परत काढायचा. इथे २०२९ पासून मोठ्या प्लांट्सना ते करावंच लागणारे, म्हणून यावर सध्या खूप काम चालूये. पण आमचा रिॲक्टर, म्हणजे प्रयोगाची टाकी, मार्चमध्ये बंद पडला आणि त्याचा पंप यायला अख्खा उन्हाळा गेला, पंप आल्यावर परत सगळं स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यात जिवाणू असतात, त्यांना घाई करता येत नाही. माझ्या आधीच्या बॅचमधल्या बहुतेकांना पाचवं सहावं सेमिस्टर लागलंय, इथे त्याला नापास कुणी समजत नाही. परमिट देणारे एवढंच बघतात की शिक्षण योग्य मुदतीत पूर्ण होऊ शकतं का, आणि त्यासाठी प्रोफेसरांनी पत्र दिलंय, मार्चअखेर थीसिस जमा होईल असं स्पष्ट लिहून. काम चांगलं चाललंय असंही एक वाक्य त्यांनी आपणहून घातलंय, ते वाचून मला खरंच खूप बरं वाटलं, तुम्हाला फोटो पाठवते.

बाकी कागद नेहमीचेच, पासपोर्ट, नव्या सेमिस्टरचं नोंदणीपत्र, मार्कांची यादी, इन्शुरन्सचा दाखला, खोलीचा करार. एक नवीनच भानगड म्हणजे फोटो, २०२५ च्या मे महिन्यापासून कागदी फोटो चालतच नाही, सरकारमान्य फोटोवाल्याकडे जायचं, तो फोटो ऑनलाइन चढवतो आणि आपल्या हातात नुसता एक चौकोनी कोड छापलेला कागद देतो, तो कोड ऑफिसात स्कॅन केला की त्यांच्या स्क्रीनवर आपला चेहरा. टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, ९ डिसेंबरची मिळालीये. त्या दिवशी बोटांचे ठसे घेतील, ९३ युरो फी भरायची, मग कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापून येतं, त्याला काही आठवडे लागतात. उशीर होतोय तो यामुळे, माझ्या अर्जात काही खोट आहे म्हणून नाही. २०२२-२३ पासून इथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आपलीच पोरं सगळ्यात जास्त आहेत, ऑफिसात माणसं तेवढीच, मग रांग वाढणारच. मला राग येतो कधीकधी, सहा सहा आठवडे मेलला उत्तर नाही म्हणजे काय, माणूस घरी काय सांगणार. पण कागद आला आणि राग गेला.

आता पैशाचं. हे नीट वाचा बाबा. २०२३ ला मी आले तेव्हा ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,२०८ युरो टाकावे लागले होते, तेव्हाच्या भावाने दहा लाख, आणि त्यातले किती लोनचे आणि किती तुमच्या ग्रॅच्युइटीचे ते मला पाठ आहे. आता तीच रक्कम ११,९०४ झालीये, युरो शंभरीच्या वर गेलाय, म्हणजे बारा लाख. हा आकडा दादाने तुम्हाला सांगितला आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी पोस्टात चौकशी करून आलात, हे मला आईकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा, मुदतवाढीला ब्लॉक अकाउंटच पाहिजे असं नाही, महिन्याला ९९२ युरो कुठून येतात ते दाखवायचं असतं, आणि नोकरीचा पगार चालतो. मी आठवड्याला वीस तास लॅबमध्ये काम करते ते विद्यार्थ्यांना चालतं त्या मर्यादेतलंच आहे, हातात येतो तो पगार ९९२ च्या वर आहे, करार आणि पगाराच्या स्लिपा अर्जाला लावल्यात, त्यांनी काही हरकत घेतलेली नाही.

तुमची स्कीम सीनियर सिटिझनची आहे, ८.२ टक्के, एवढं व्याज आता कुठली बँक देतीये. दहा लाखांवर दर तीन महिन्यांना साडेवीस हजार येतात, त्यावर आईची बीपीची औषधं, लाईटबिल आणि तुमचं पेट्रोल चालतं. टाकून दोन वर्षं पण झालेली नाहीत, आत्ता मोडलीत तर मूळ रकमेतून दीड टक्का कापून घेतील, म्हणजे सरळ पंधरा हजार गेले. आणि कशासाठी, जे पैसे मला लागतच नाहीत त्यासाठी. तुम्ही माझ्यासाठी जे केलंय ते पुरेपूर केलंय. ते पैसे आता तुमच्या दोघांचे आहेत आणि तुमच्याच नावावर राहू देत, मी हे मनापासून सांगतीये, हट्ट करू नका.

आई, आता तुझ्याशी बोलते. दादा म्हणाला तुला परवा डाळीतले खडे दिसले नाहीत आणि तू कुणाला सांगितलं पण नाहीस, वहिनीच्या दाताखाली आला तेव्हा कळलं. मिरजेच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगून किती दिवस झाले, आणि तू डिसेंबरमध्ये पोरगी आली की करू म्हणून बसलीयेस. आई, मी डिसेंबरमध्ये येऊ शकत नाही. कायद्याने पाहिलं तर माझ्या कागदावर, जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून, मला येऊन परत जाता येतं. पण एकतर टर्मिनच ९ तारखेला आहे, ती चुकली तर पुढची कधी मिळेल काही भरवसा नाही, आणि दुसरं म्हणजे मुंबईच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद माहीत असेलच असं नाही, आमच्या मराठी ग्रुपवर एकीला वाटेतल्या एअरपोर्टवर तासन्‌तास बसवून ठेवलं होतं, शेवटी सोडलं पण तोपर्यंत तिची काय हालत झाली असेल. थीसिस इतका जवळ आलेला असताना मी ती जोखीम घेणार नाही. तुझ्याजवळ त्या दिवशी नसणार याचं मला किती वाईट वाटतंय ते तुला माहितीये, त्यावर अजून लिहिलं तर इथे बसून मी पण रडेन.

पण ऑपरेशन थांबवायचं नाही. त्याच दिवशी घरी सोडतात, टाके पण बहुतेक नसतात, त्रास नंतरच्या थेंबांचा, ते वेळच्या वेळी पडले पाहिजेत. बाबा, तुम्ही तुमच्या मोबाईलवर अलार्म लावा, आणि थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद, चुलीपुढे फुंकर मारत बसणं बंद, जड बादली उचलणं बंद. मी मावशीशी बोललीये, ती माधवनगरहून येऊन पहिला आठवडा राहते म्हणालीये, स्वयंपाक तिच्याकडे. आई, तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात जायचं नाही. दादा शनिवार धरून रजा टाकतोय, गाडी तोच आणेल. शुगर आणि बीपीचे जुने रिपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलीत आहेत, ते घेऊन जा, आणि लेन्स कुठली घालायची ते विचारतील तेव्हा मला फोन लावा, पैशावर बघून स्वस्तातली घेऊ नका. लेन्सचे पैसे मी पाठवते. हे पगारातलेच आहेत, मला अडचण नाही.

कार्ड हातात आलं की लगेच एप्रिलचं तिकीट बघते, थीसिस जमा झाल्यावर महिनाभर तरी राहीन. त्यानंतर नोकरी शोधायला इथे दीड वर्षाचं परमिट मिळतं, त्याचं काय करायचं ते आपण घरी बसून ठरवू, फोनवर नको.

९ तारखेला ऑफिसातून बाहेर पडले की आधी तुम्हालाच फोन करते, तुमच्याकडे दुपार असेल. त्याआधी मिरजेची तारीख घेऊन टाका. बाबा, सोमवारीच जा, आणि काय ठरलं ते मला संध्याकाळपर्यंत कळवा.

तुमची लेक