किलोमीटरला नऊशेने भागून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवासाच्या चौकटीत अंतर १२,५०० किमी, वेग ताशी ९०० किमी, म्हणून प्रवास १४ तासांचा, असे गणित मांडले आहे. अंतर बरोबर आहे, वेळ नाही.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरचे सर्वात जवळच्या वाटेचे आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि अंतर १४,२०० किमीच्या आसपास भरते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो मुंबईहून उत्तर-वायव्येकडे झुकतो आणि आइसलँडच्या जवळून खाली उतरतो. मात्र विमान या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि नेमका दोरा त्याच हद्दीवरून जातो.

शिवाय वरच्या थरात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी ताशी १५० किमीहूनही जोरात. त्यामुळे जाताना साधारण १६ तास लागतात, येताना दीड-दोन तास कमी. धावपट्टीपर्यंत जायला आणि उतरल्यावर विमान लागायला जाणारा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

तिकिटावरची वेळ त्या त्या शहराची असते. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. म्हणजे हिवाळ्यात रात्री १.३० ला निघालेले विमान त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचते. वजाबाकी करून कुणी प्रवास साडेपाच तासांचा समजू नये.

खरा घोटाळा तारखेचा होतो. '१५ तारीख, ०१.३०' म्हणजे विमानतळावर १४ च्या रात्री साडेदहापर्यंत हजर. काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. मध्यरात्रीनंतरच्या रेल्वेचे आरक्षण चुकीच्या दिवशी काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! जळगावहून मुंबई ४२० किमी, गाडीला सात-आठ तास, वर उशीर. तेव्हा १४ ला सकाळचीच गाडी घ्यावी. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणे सोयीचे, विमानतळ तिथून सीएसएमटीपेक्षा बराच जवळ. धुळ्याहून महामार्गाने येणाऱ्यांनी कसारा घाटातल्या कोंडीचे दोन तास वेगळे ठेवावेत.

परतीला हिशेब उलटा. हिवाळ्यात तिथून दुपारी १२ ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १ च्या सुमारास मुंबईत येते. इमिग्रेशन आणि सामान यात दीड-दोन तास जातात, म्हणून संध्याकाळी सहाच्या आधीच्या गाडीचे आरक्षण करू नये.

– एक वाचक, जळगाव