पंचनाम्यावरची माझी सही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत रात्री साडेनऊला एका घराची झडती झाली. मी सेक्रेटरी, म्हणून मला पंच केले. झडती आत चालली होती आणि मी जिन्यात उभा. अकराच्या सुमाराला दाखवलेल्या जागी सही केली. वाचले काहीच नाही. त्या घरातल्या वहिनी एवढेच विचारत होत्या, "वॉरंट कुठाय?" पोलीस साहेब गप्प, आणि मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

एरवी झडतीचे वॉरंट न्यायालय देते. पण तपासासाठी लागणारी वस्तू त्या घरात आहे आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल, असे मानायला सबळ कारण असेल, तर तपास अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम 165, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 185 झाले. मात्र कारण आणि शक्यतो नेमकी कोणती वस्तू शोधायची, हे त्याने आधी लिहून ठेवायचे असते. "बघू काही मिळतंय का" हे कारण होत नाही. त्या नोंदीची प्रत आता 48 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. अर्ज केल्यास ती घरमालकालाही त्यांच्याकडून मोफत मिळते. वॉरंट नसले तरी हा कागद असायलाच हवा. वहिनींना तो मागता येतो, हे कोणी सांगितलेच नाही.

पंच म्हणजे त्याच भागातले किमान दोन तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी. (माझी प्रतिष्ठा जिन्यातच राहिली!) झडती त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची, जप्तीच्या यादीवर त्यांनी सही करायची, घरातल्या माणसाला हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत द्यायची. आता चित्रीकरणही सक्तीचे आहे, पण मोबाइल पोलिसांच्याच हातात असतो. शिवाय 1973 च्या पूरनमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, झडती बेकायदा होती एवढ्यावरून तिच्यात मिळालेला पुरावा बाद होत नाही. म्हणजे जे काही बघायचे ते झडतीच्या वेळीच.

पोलीस ठाण्यांनी पंचाच्या हाती सहीआधी एक पान द्यावे, साध्या मराठीत: आत या, बघा, यादी वाचा, मग सही करा. आणि घरातल्या माणसाला अर्ज कुठे करायचा, तेही त्यातच छापावे.

आपला,
एक माजी सेक्रेटरी, नाशिक